साळिंदराच्या झोपेबाबत

प्राण्यांवर दया करावी ही गोष्ट मुलांना लहानपणीच शिकवून ठेवावी लागते, कारण मोठेपणी त्यांना वेळ होत नाही. हे ध्यानात घेऊन मालनबाई सकपाळ यांनी आपल्या रविवारच्या वर्गाची सहल आंबिवलीच्या पुढे नव्याने झालेल्या ‘वनशोभा प्राणी उद्याना’त नेली.

मालनबाईंची सगळी नोकरी डोंबिवलीतल्या एका प्राथमिक शाळेत झाली होती. निवृत्तीनंतर त्या घोडबंदर रोडला मुलाकडे राहायला आल्या. मुलगा आणि सून सकाळी घोडबंदर रोडच्या कोंडीत शिरत आणि रात्री त्याच कोंडीतून बाहेर पडत; मधल्या वेळात दोघं नोकरी करत असावीत, असा बाईंचा अंदाज होता. घरी उरायची सात वर्षांची नात ऋजुता, आणि खाली बागेत तिच्यासारखीच उरलेली सोसायटीतली मुलं. मुलं दिसली की बाईंना राहवत नसे. त्यांनी क्लबहाऊसच्या एका कोपऱ्यात रविवारचा वर्ग सुरू केला. तिथे मुलं बिया रुजवायची, गोष्टी ऐकायची आणि वाटेल तो प्रश्न विचारायची. उत्तर ठाऊक नसलं तर बाई म्हणायच्या, “विचारून सांगते,” आणि खरोखरच विचारून सांगायच्या. मोठ्या माणसांत ही सवय दुर्मीळ असल्यामुळे मुलांचा बाईंवर फार विश्वास होता.

त्या रविवारी ठाणे जिल्ह्यातले बहुतेक सर्व सस्तन प्राणी उद्यानात हजर होते. त्यांतले थोडे पिंजऱ्यात होते. बाकीचे पिंजऱ्यांभोवती वेफर्स खात उभे होते. बाईंनी प्रत्येक मुलाला पुढच्याचा शर्ट धरायला लावला आणि ती साखळी गर्दीतून ओढत ओढत बिबट्यापर्यंत नेली.

“दिसला का बिबट्या?” गर्दीतून बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

“हो बाई! एका काकांच्या मोबाईलमध्ये दिसला.”

“मला नुसती शेपटी दिसली. पण ती बहुतेक कुणाच्या तरी बॅगेची होती.”

शेवटी दमून सगळे उद्यानाच्या टोकाला, साळिंदराच्या पिंजऱ्याशी आले. पिंजऱ्यावर पाटी होती : ‘साळिंदर. निशाचर. दिवसा झोपते.’ पाटीखाली जगन नावाचा कर्मचारी स्टीलची थाळी आणि पळी घेऊन उभा होता.

“ओ मामा, उठवा ना त्याला! बदलापूरवरून आलोय आम्ही,” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

जगनने थाळी बडवली. आतल्या कृत्रिम गुहेतून साळिंदर धडपडत बाहेर आलं. त्याने लोकांकडे पाठ केली, अंगावरचे काटे उभारले आणि खुळखुळ वाजवले. प्राणिशास्त्रात याचा अर्थ ‘आता पुरे, नाहीतर बघा’ असा होतो.

“अगं बघ बघ, पिसारा फुलवला!” एक काकू हरखून म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साळिंदर आत गेलं. पुढचा घोळका आला. जगनने पुन्हा थाळी बडवली. या खेपेला साळिंदर उभ्या उभ्याच पेंगलं, त्याचं डोकं भिंतीवर आपटलं आणि दोन काटे गळून पडले.

ऋजुता पाटी वाचत होती. तिने ती परत एकदा वाचली.

“आजी, हे रात्रभर जागं असतं. आणि दिवसा हे काका उठवतात. मग हे झोपतं कधी?”

बाईंनी जगनला विचारलं, “अहो दादा, याला झोपू का देत नाही?”

“झोपू दिला ना मॅडम, तं पब्लिक बोंबलतं. बोलतात, पिंजरा खाली हाय. मंग साहेब मना झापतात.”

“आणि संध्याकाळी उद्यान बंद झाल्यावर?”

“तवा तं त्याचा जागायचा टाइम होतो ना. निशाचर नाय का तो!” जगनने पाटीकडे बोट दाखवलं. नियमांच्या बाबतीत तो काटेकोर होता.

“म्हणजे याला डे शिफ्ट पण आहे आणि नाइट शिफ्ट पण,” ऋजुता म्हणाली. “बाबांसारखं.” मग तिने आजीच्या पदराचं टोक धरलं. “आजी, तू सांग ना त्यांना. तू सांगितलंस की ऐकतात सगळे. नाहीतर ते मरेल.”

साखळीतली सगळी मुलं बाईंकडे बघू लागली. बाईंनी साळिंदराकडे पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कुणी राहत असावं असं वाटत नव्हतं.

“याला झोप मिळेल,” बाई म्हणाल्या. “मी बघते.”

उद्यानाचे अधीक्षक साईनाथ भोईर यांनी बाईंना पाहताच खुर्ची सोडली आणि वाकून नमस्कार केला. ते बाईंचेच विद्यार्थी निघाले. चौथीत असताना हा मुलगा उत्तर येत नसलं की प्रश्नच सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून ठेवायचा. त्या गुणावर तो पुढे अधिकारी झाला होता.

“बाई, तुमचं म्हणणं रास्त आहे,” सगळं ऐकून भोईर म्हणाले. “पण एक अडचण आहे. प्राणी झोपलेला आढळला, अशा तक्रारी आमच्याकडे ढिगाने आहेत. प्राणी जागा आढळला, अशी आजवर एकही तक्रार नाही.”

“मग ही पहिली समज.”

“समजतो ना, बाई. पण ही तक्रार प्राण्याकडून यायला हवी. तुम्ही त्रयस्थ पक्ष होता.”

“साईनाथ!”

पट्टी हातात नसतानाही त्या आवाजात पट्टी होती. भोईर सावरून बसले. “करतो बाई. तातडीने उपाययोजना करतो. आपण त्याला शांतता मिळवून देऊ.”

पुढच्या रविवारी बाई ऋजुताला घेऊन पाहायला गेल्या. साळिंदराच्या पिंजऱ्यासमोर भला मोठा रंगीत फलक उभा होता : ‘शांतता राखा. साळिंदर झोपत आहे.’ शेजारी झोपेची टोपी घातलेलं हसरं साळिंदर रंगवलं होतं. फलकाचं अनावरण आदल्या दिवशी ढोल-ताशाच्या गजरात झालं होतं. लोक फलकाशेजारी उभे राहून, तोंडावर बोट ठेवून फोटो काढत होते, आणि नीट आला नाही म्हणून परत काढत होते. पूर्वी या टोकाला दमलेलेच लोक यायचे. आता फाटकातून आत शिरलेले ताजेतवाने लोक आधी इथेच येत होते.

“फलक लोक वाचत नाहीत, हे आमच्याही लक्षात आलंय,” भोईर म्हणाले. “म्हणून आजपासून पुढचा टप्पा.”

पुढच्या टप्प्यात एक सुरक्षारक्षक नेमला गेला. कुणी बोललं की त्याने शिट्टी फुंकायची, असा आदेश होता, आणि तो आदेशाचं मनापासून पालन करत होता. शिट्टीने लोक दचकत आणि “काय झालं? काय झालं?” असं विचारत. त्यावर तो पुन्हा शिट्टी फुंकी. हे थांबवावं म्हणून खांबावर कर्णा बसवण्यात आला. ‘कृपया शांतता राखा. साळिंदर झोपलेले आहे,’ अशी सूचना त्यातून मराठी, हिंदी आणि इंग्रजीतून दिवसभर होऊ लागली. जगनची थाळी मात्र काढून घेतली होती.

“आता मना कामच नाय ऱ्हायला,” जगन बाईंना म्हणाला. “त्याला उठवायला भोंगा हाय ना.”

बाई तिसऱ्यांदा अधीक्षकांकडे गेल्या. या वेळी त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत.

“साईनाथ, ते अजून झोपलेलं नाही.”

“असं कसं म्हणता बाई? एवढा बंदोबस्त केला. झोपत असेल. तुम्ही गेलात तेव्हाच नेमकं जागं असेल.”

“मी गेले तेव्हा ते भिंतीला डोकं टेकून थरथरत होतं.”

“ही तुमची भावना झाली. शासनाला पडताळणी लागते.”

पडताळणीसाठी ‘साळिंदर निद्रा संनियंत्रण समिती’ स्थापन झाली. तिच्यात प्राण्यांविषयी आस्था असलेले एक निवृत्त अभियंता, योगासनांचे एक शिक्षक आणि झोपेतील तज्ज्ञ म्हणून विठ्ठलवाडीचे एक गादीवाले होते. मालनबाईंना निमंत्रित सदस्य म्हणून घेतलं. निमंत्रित सदस्याला चहा मिळतो, मत नसतं.

पहिल्याच बैठकीत अध्यक्ष झालेल्या अभियंत्यांनी मूलभूत मुद्दा मांडला. “प्राणी झोपलेला दिसणं आणि प्राणी झोपलेला असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला असणं तपासायचं आहे.”

“ते कसं तपासणार?” बाईंनी विचारलं.

“सोपं आहे. डोळे मिटलेले असले तर त्यावर बॅटरीचा झोत टाकायचा. हालचाल झाली नाही, तर बांबूने हळूच ढोसायचं. तरीही हालचाल झाली नाही, तर झोपलेला.”

“आणि हालचाल झाली तर?”

“तर जागा. सरळ आहे.”

“अहो, पण तो तुम्ही ढोसल्यामुळे जागा होईल ना!”

मग अभियंता समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, तुम्ही प्राथमिकच्या शिक्षिका. हा तांत्रिक भाग आहे.”

समितीने निष्ठेने काम केलं. दर तासाला बॅटरी, दर तासाला बांबू. दर वेळी साळिंदर जागं आढळलं. एवढ्या सलग निरीक्षणांवरून समितीने निःसंदिग्ध निष्कर्ष काढला : उद्यानाच्या व्यवस्थेत कुठलाही दोष नाही, प्राण्यालाच निद्रानाशाचा विकार आहे. गादीवाल्यांनी आपल्या दुकानातर्फे एक गादी देऊ केली. ती पिंजऱ्यात ठेवताच काट्यांनी फाटली आणि कापूस नाकातोंडात जाऊन साळिंदर शिंकू लागलं. समितीने विकारात सर्दीची भर घातली.

कल्याणचा प्रीतम हा तरुण मोबाईलवरून गावच्या बातम्या द्यायचा. त्याने पिंजऱ्यापुढे उभं राहून, गळा दाटून आणून व्हिडिओ केला. “मित्रांनो, माणूस एसीत झोपतो. आणि हा आपला सोन्या? हा मुका जीव एका झोपेसाठी तळमळतोय! शेअर करा, म्हणजे झोप त्याच्यापर्यंत पोहोचेल.” तोवर साळिंदराला नाव नव्हतं. एखाद्याचा पिच्छा पुरवायचा तर आधी त्याचं लाडकं नाव ठेवावं लागतं, ही उणीव प्रीतमने भरून काढली.

सोन्या आजारी आहे ही बातमी पसरली आणि कसाऱ्यापासून ठाण्यापर्यंत हळहळ पसरली. आपल्याकडे कुणी आजारी पडलं की माणसं घरी बसून राहत नाहीत. भेटायला जातात. ऑपरेशन झालेल्या माणसाला टाके दुखत असले तरी तो उठून बसतो, आलेल्यांना ओळखून दाखवतो आणि “बरं वाटतंय” असं म्हणतो. न म्हटलं तर आलेल्यांना वाईट वाटतं. याच पद्धतीने लोक सोन्याला भेटायला येऊ लागले. येताना शहाळी, बिस्किटांचे पुडे आणि मोसंबी आणू लागले. आलेला माणूस आधी “कसा आहे आता?” असं शेजारच्याला विचारी, मग सोन्याला “सोन्याऽऽ” अशी हाक मारी. त्याने मान वळवली तर “ओळखलंन हो मला!” म्हणून डोळे पुसले जात. त्याने मान वळवली नाही तर ती वळेपर्यंत हाक मारली जाई.

“याला जायफळ उगाळून द्या,” डोंबिवलीच्या रमाबाई जगनला सांगत होत्या. “आमच्या ह्यांना देते मी. ढाराढूर झोपतात.”

“नको, खसखस बरी,” दुसऱ्या म्हणाल्या. “पायाला तेल चोळा याच्या.”

“पाय सापडायला हवेत ना, मावशी,” जगन म्हणाला. “मधी काटं हायत.”

बाई गर्दीत उभ्या होत्या. त्यांनी न राहवून रमाबाईंना विचारलं, “ताई, एवढी गर्दी असताना त्याला झोप कशी लागणार?”

“तेच म्हणते मी!” रमाबाई उसळून म्हणाल्या. “लोकांना काही कळत नाही. बघायला येतात मेले, जसा काही तमाशाच आहे. आम्ही मागच्या आठवड्यात आलो होतो तेव्हापासून सांगतेय, गर्दी कमी करा म्हणून. उद्या परत येऊन बघते कमी झाली का.”

आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. गर्दी वाईट आहे याबद्दल गर्दीत एकमत होतं.

मग रसिका नावाच्या उत्साही बाईंच्या महिला मंडळाने अंगाई गायन स्पर्धा जाहीर केली. स्पर्धा साहजिकच पिंजऱ्यासमोर ठेवली. पेटी आली, तबला आला, आणि मागच्या रांगेतल्यांनाही अंगाई ऐकू जावी म्हणून मोठे स्पीकर आले. ज्या गाण्याच्या वेळी सोन्या डोळे मिटेल, त्याला पहिलं बक्षीस होतं. परीक्षकांना डोळे दिसावेत म्हणून आत झगझगीत दिवे लावले. एका स्पर्धकाच्या वेळी सोन्याने डोळे मिटलेही. तेव्हा असा जल्लोष झाला की त्याने ते ताबडतोब उघडले. निकाल वादग्रस्त ठरला आणि फेरस्पर्धा पुढच्या रविवारी ठेवली गेली.

त्याच व्यासपीठावर, हे सारं ज्यांच्यामुळे घडलं त्या मालनबाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ‘साळिंदरमाता’ असा उल्लेख झाला तेव्हा ऋजुताने आजीकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. बाईंना माइक दिला. आयुष्यभर मुलांसमोर जेवढं सोपं बोलत आल्या, तेवढंच सोपं त्या बोलल्या.

“याला झोपवायचा एकच उपाय आहे. आपण सगळ्यांनी आत्ता उठायचं आणि घरी जायचं. परत यायचं नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. काहीजणांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कुणीही घरी गेलं नाही. प्रीतम धावत पुढे आला. “बाई, ते शेवटचं वाक्य परत एकदा घ्या ना. काय बोललात! माझं रेकॉर्डिंग सुरू नव्हतं.”

घरी जाताना बसमध्ये ऋजुता बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. घोडबंदर रोड लागला आणि बस थांबली, तेव्हा तिने विचारलं, “आजी, तू त्याला झोप मिळवून देणार होतीस ना?”

“हो गं.”

“मग आता त्याला सगळे तुझ्यामुळे बघायला येतात का?”

बाईंना विचारून सांगते म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. “हो,” त्या म्हणाल्या.

सोन्याने खाणं सोडल्याचं बुधवारी कळलं. उद्यानाच्या पशुवैद्यांनी कागदावर एवढंच लिहिलं होतं की या प्राण्याला एकटं सोडा. भोईरांनी तो सल्ला गांभीर्याने घेतला आणि सोन्याला एकटं कसं सोडावं यावर पिंजऱ्यासमोर चर्चासत्र ठेवलं.

“साईनाथ, पिंजऱ्यासमोरचा रस्ताच बंद कर,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच विनवणीचा झाला होता. “दोन आठवडे. ते मरेल रे.”

“बाई, एवढी माणसं काळजीपोटी लांबून येतात. त्यांच्या तोंडावर फाटक लावू? काळजीवर बंदी घातली असं छापून येईल. लोकांना काळजी करायला जागा नको का?”

हे वाक्य बोलून भोईर फोन घ्यायला वळले. बाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. अधिकाऱ्याच्या तोंडून खरं वाक्य निसटलं की ते उचलून घ्यावं लागतं. पुन्हा कधी निसटेल सांगता येत नाही.

रविवारचा वर्ग त्यांनी या खेपेला शनिवारीच भरवला आणि मुलांपुढे प्रश्न मांडला : लोकांना काळजी करायला जागा हवी. ती साळिंदरापासून लांब कुठे देता येईल?

मुलांनी डोकी खाजवली. ऋजुता म्हणाली, “फाटकातून आत गेल्यावर उजवीकडे एक रिकामा पिंजरा आहे. त्यात कुण्णीच नाही. तिथे काळजी केली तर कुणाला त्रास होणार नाही.”

लगेच पुठ्ठा आला, रंग आले. एका मुलाने ठळक अक्षरात लिहिलं, ‘इथला प्राणी खूप आजारी आहे.’

“हे खोटं झालं,” बाई म्हणाल्या. “खोटं लिहायचं नाही.” त्यांनी मुलांना तासभर विचार करायला लावला, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी जे उरलं त्यात एकही शब्द खोटा नव्हता : ‘या पिंजऱ्यात प्राणी दिसत नाही. काळजी वाटणे साहजिक आहे.’

रविवारी सकाळी मुलांनी तो पुठ्ठा रिकाम्या पिंजऱ्याला सुतळीने बांधला आणि समोर नुसती उभी राहिली. मुलं गंभीर चेहऱ्याने कशाकडे तरी बघताहेत म्हटल्यावर पहिलं कुटुंब थांबलं.

“काय आहे रे आत?”

“दिसत नाही, काका,” ऋजुता म्हणाली. हेही खरं होतं.

“दिसत नाही? अरे बापरे. म्हणजे बाहेरच येत नाही वाटतं.” काकांनी बायकोला बोलावलं. “अगं, याची हालत तर सोन्यापेक्षा वाईट दिसतेय. सोन्या निदान बाहेर तरी येतो.”

दुपारपर्यंत उजव्या बाजूला पाऊल ठेवायला जागा उरली नाही. रमाबाई जायफळाची पुडी घेऊन तिकडे वळल्या. रसिकाताईंनी फेरस्पर्धेचे स्पीकर तिकडे हलवले. सोन्या तसाही दाद देत नव्हता. प्रीतमने रिकाम्या गुहेवर कॅमेरा रोखून धरला आणि म्हणाला, “मित्रांनो, हा बघा, हा समोरच आहे, पण व्यवस्थेने त्याला इतकं खचवलंय की तो दिसतसुद्धा नाही!” त्याच्या मागे उभ्या असलेल्या काहींना तो दिसलाही. त्यातल्या एकाच्या मते त्याचे डोळे फार करुण होते.

या प्राण्यासाठी काहीच बंदोबस्त नाही, अशा तक्रारी आल्यावर भोईरांनी फलक, शिट्टी आणि कर्णा तिकडे हलवण्याचे आदेश दिले. समितीही तिकडे गेली. अध्यक्षांनी आत बॅटरीचा झोत टाकला, बांबू फिरवला, हालचाल आढळली नाही, आणि समितीच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच शेरा पडला : ‘प्राणी गाढ झोपलेला आहे. उपाययोजना यशस्वी.’ जगनला त्याची थाळी परत मिळाली. तो रिकाम्या पिंजऱ्यापुढे उभा राहून ती वाजवू लागला.

“अहो, आत कुणी नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?” बाईंनी त्याला हळूच विचारलं.

“ठाव हाय ना. म्हनून तं जोरात वाजवतो,” जगन म्हणाला. “कुनाची झोप मोडत नाय.”

साळिंदराच्या टोकाला आता कुणीच नव्हतं. वाटेवर बिस्किटांचे रिकामे पुडे आणि हारातली सुकी फुलं तेवढी पडली होती. बाई आणि ऋजुता फेरी मारत तिथल्या वळणापर्यंत आल्या. पिंजऱ्याचा कोपरा झाडाआडून दिसत होता. थाळीचा आवाज इथे फार बारीक येत होता. बाईंची पावलं आपोआप तिकडे वळली.

“एकदाच डोकावते,” त्या म्हणाल्या. “झोपलं का तेवढं बघते. मी आवाज करणार नाही.”

“आजी!” ऋजुताने त्यांचा हात घट्ट धरला. “तू पण?”

बाई थांबल्या. इतकी वर्षं त्यांनी शिकवलेलं एखाद्या मुलाला इतकं नीट समजल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्या वळल्या आणि नातीचा हात धरून फाटकाकडे चालू लागल्या. मागे वळून दोघींपैकी कुणीच पाहिलं नाही.

तेव्हा साळिंदर खरोखर झोपलं, हे आजपर्यंत कुणीही पाहिलेलं नाही; आणि ते झोपलं असावं याला यापेक्षा भक्कम पुरावा असूच शकत नाही.

आता इतकं वाचल्यावर आपल्यालाही त्याची काळजी वाटत असेल. इतर लोकांचं जाऊ द्या, त्यांना काही कळत नाही. पण आपण समंजस आहात, आपण एकदाच जाल, लांबूनच बघाल, आवाज करणार नाही. अवश्य या. आंबिवलीला उतरून कुणालाही विचारा. फाटकातून आत आलात की उजव्या हाताला मोठी रांग दिसेल. त्या रांगेत उभे राहा. आपल्यासारखेच समंजस लोक तिथे खूप आहेत.